बिनबोलावता उठणारे नोकर

मोबाइल फोन अडखळू लागला, की तो बंद करून पुन्हा सुरू करावा, हा उपाय आता आजीबाईच्या बटव्यातील सुंठीइतका सर्वमान्य झाला आहे. हजेरी भरणारा शिक्षक असो, कचेरीतील कारकून असो, की परीक्षेचा अर्ज भरणारा विद्यार्थी असो. फोन हट्टाला पेटला, की प्रत्येक जण हेच करतो आणि बहुधा गुणही येतो. या उपायामागे एक समजूत दडलेली आहे. फोन बंद केला म्हणजे त्यात चाललेले सारे थांबले आणि सुरू केला म्हणजे कोरी पाटी हाती आली. यापुढे मालक जे उघडील तेवढेच चालेल, ही ती समजूत. ती अर्धीच खरी आहे. बंद करताच सारे थांबते, हे खरे. पण सुरू झाल्यावर पाटी कोरी राहत नाही. मालकाने न उघडलेली अनेक ॲप्स आपण होऊन उठतात आणि कामाला लागतात. ती कोणती, किती आणि कोणाच्या आज्ञेने उठतात, याचा हिशेब सामान्य माणसाला एका जागी वाचायला मिळत नाही. हा प्रश्न वरकरणी तांत्रिक दिसतो. वस्तुतः तो मालकीचा आहे.

दवंडी आणि तिचे श्रोते

भारतातील बहुसंख्य फोन अँड्रॉइड या प्रणालीवर चालतात. अशा फोनची कळ दाबल्यावर प्रथम लिनक्सचा गाभा जागा होतो. तो 'इनिट' नावाची पहिली प्रक्रिया सुरू करतो आणि तिच्यातून बाकीचा पसारा उभा राहतो. त्यांतील एका प्रक्रियेचे नाव 'झायगोट', म्हणजे युग्मनज, असे मोठे अर्थपूर्ण ठेवलेले आहे. कारण पुढे सुरू होणारे प्रत्येक ॲप तिच्यापासूनच जन्म घेते. मग व्यवस्था पाहणारी मुख्य सेवा उभी राहते, पडदा उजळतो, आणि अखेरीस यंत्रणा फोनभर एक दवंडी पिटते : 'बूट कम्प्लिटेड', अर्थात फोन सुरू झाला. ज्या ॲप्सनी ही दवंडी ऐकण्यासाठी आधीच नाव नोंदवलेले असते, त्यांना यंत्रणा एकेक करून उठवते. उठलेले ॲप मग पडद्यावर काही न दाखवता पाठीमागे चालणारे काम, म्हणजे 'बॅकग्राउंड सर्व्हिस', सुरू करू शकते अथवा पुढच्या कामाची तजवीज करून पुन्हा निजू शकते.

२०१६ मध्ये आलेल्या अँड्रॉइडच्या सातव्या आवृत्तीपासून या दवंडीचे दोन भाग झाले. फोन सुरू झाला, पण मालकाने अद्याप कुलूप उघडले नाही, तेव्हा पहिली. आणि सांकेतिक अंक घालून त्याने कुलूप उघडले, की दुसरी. रात्री फोन स्वतःच अद्ययावत होऊन पुन्हा सुरू झाला, तरी पहाटेचा गजर वाजला पाहिजे, म्हणून ही सोय झाली. यंत्रशास्त्राच्या दृष्टीने हे सारे अत्यंत नेटके आहे, यात शंका नाही.

परंतु ही दवंडी ऐकण्याचा परवाना ॲपला मिळतो कसा, हे पाहिले म्हणजे नेटकेपणाच्या आड लपलेली गोष्ट ध्यानात येते. २०१५ च्या सहाव्या आवृत्तीपासून कॅमेरा, ध्वनिग्राहक, संपर्कांची वही, ठिकाण यांसाठी ॲपला मालकाची अनुमती ऐन वेळी विचारावी लागते. फोन सुरू होताच उठण्याचा परवाना मात्र 'सामान्य' या वर्गात घातलेला आहे. ॲप बसवले, की तो आपोआप मिळतो. मालकाला कोणीही विचारत नाही. ॲपच्या माहितीच्या पानात खोलवर शिरल्यास, हे ॲप फोन सुरू होताना चालू शकते, अशा अर्थाची एक ओळ सापडते. पण ती वाचता येते, पुसता येत नाही. घरात चोवीस तास राहणारा नोकर ठेवताना घरधन्याला विचारायचे नाही, त्याला एक पाटी तेवढी दाखवायची, आणि तीही माळ्यावरच्या अडगळीत ठेवायची, असा हा प्रकार आहे.

गरज खोटी नाही

येथे न्याय दोन्ही बाजूंना मिळाला पाहिजे. फोन सुरू होताच उठणारे प्रत्येक ॲप घरफोड्या असते, असे म्हणणे अडाणीपणाचे ठरेल. मधुमेहाच्या रुग्णाला इन्शुलिनची वेळ सांगणाऱ्या एखाद्या ॲपचाच विचार करावा. ते ॲप यंत्रणेकडे सकाळ-संध्याकाळचे गजर नोंदवून ठेवते. पण अँड्रॉइडमध्ये असे नोंदवलेले गजर फोन बंद होताच पुसले जातात. दुपारी बॅटरी संपून फोन बंद पडला आणि संध्याकाळी सुरू झाला, तर यंत्रणेच्या वहीत इन्शुलिनची नोंद उरलेली नसते. त्या ॲपने दवंडी ऐकून क्षणभर उठावे आणि आपले गजर पुन्हा नोंदवावेत, एवढाच मार्ग त्याला मोकळा ठेवलेला आहे. तो बंद केला, तर रुग्णाची वेळ चुकेल. हरवलेला फोन शोधणारे ॲप, संदेशांची वाट पाहणारे ॲप, अंध व्यक्तीला पडदा वाचून दाखवणारी सेवा, या सर्वांची गरज अशीच खरी आहे.

अदृश्यपणे राबणाऱ्या अशा कार्यक्रमांची परंपराही जुनी आहे. १९६३ च्या सुमारास अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत 'प्रोजेक्ट मॅक' या प्रकल्पावर काम करणाऱ्या मंडळींनी संगणकात पाठीमागे चालणाऱ्या कार्यक्रमांना 'डीमन' हे नाव दिले. जेम्स क्लार्क मॅक्सवेल या भौतिकशास्त्रज्ञाने १८६७ मध्ये कल्पिलेल्या, रेणूंची निवड करीत अखंड दाराशी उभ्या राहणाऱ्या चिमुकल्या पिशाच्चावरून ते घेतलेले होते. पण प्रकल्पातील हे पिशाच्च संस्थेच्या चाकरीत होते. त्याला कोणी कामाला लावले, ते काय करते आणि त्याला कसे निजवायचे, हे यंत्र सांभाळणाऱ्यांना ठाऊक असे.

घरगुती संगणक आला, तेव्हाही ही शिस्त काही काळ टिकली. १९८० च्या दशकातील डॉस प्रणालीत यंत्र सुरू होताच काय काय चालावे, याची यादी 'ऑटोएक्झेक' नावाच्या एका साध्या मजकुराच्या फायलीत असे. ती कोणालाही उघडून वाचता येई, नको ती ओळ खोडता येई. पुढे विंडोज आल्यावर ही यादी विस्कटली, अनेक कोपऱ्यांत लपली आणि संगणक सुरू व्हायला चहाचा एक पेला रिकामा होण्याइतका वेळ लागू लागला, हे कचेऱ्यांतील अनेकांना स्मरत असेल. अखेर २०१२ मध्ये विंडोजच्या आठव्या आवृत्तीत 'टास्क मॅनेजर'मध्येच एक पान आले. संगणक सुरू होताच उठणाऱ्या कार्यक्रमांची नावे, प्रत्येकामुळे यंत्र किती रखडते याचा अंदाज आणि शेजारी बंद करण्याची सोय, असे त्याचे स्वरूप आहे. ॲपल कंपनीनेही २०२२ मध्ये आपल्या मॅक संगणकांवर अशीच व्यवस्था केली. एखाद्या कार्यक्रमाने आपले नाव त्या यादीत घातले, की मालकाला तशी सूचना मिळू लागली.

म्हणजे मेजावरच्या यंत्राच्या बाबतीत मालकाला यादी दाखवणे शक्य आहे, हे सिद्ध झालेले आहे. खिशातल्या यंत्राच्या बाबतीत मात्र, आणि त्यातच आज बँकेचे पासबुक, रेल्वेचे तिकीट, कचेरीचे आदेश आणि मुलांचे फोटो असताना, गूगलच्या मूळ अँड्रॉइडमध्ये अशी एकत्रित यादी नाही. ज्या यंत्रात माणसाचे अधिक सर्वस्व सामावले आहे, त्याच्यावरच माणसाची देखरेख कमी, ही विसंगती लहान नव्हे.

बॅटरीची काळजी, मालकाची नव्हे

गूगलने काहीच केले नाही, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. २०११ मध्ये ३.१ ही आवृत्ती आली, तेव्हापासून नव्याने बसवलेल्या ॲपला, मालकाने ते एकदा तरी उघडेपर्यंत, दवंडी ऐकू येत नाही. मालकाने सेटिंग्जमध्ये जाऊन ते सक्तीने थांबवले, तरीही ते पुन्हा उघडले जाईपर्यंत निजून राहते. २०१७ च्या आठव्या आवृत्तीने पाठीमागून मनमानेल तेव्हा सेवा सुरू करण्यास बंदी घातली. दीर्घकाळ चालायचे असेल, तर पाच सेकंदांच्या आत पडद्यावर सूचना लावून आपले अस्तित्व जाहीर करावे, असा दंडक घातला. २०२२ च्या तेराव्या आवृत्तीत अशा उघड चालणाऱ्या सेवांची यादी आणि त्या थांबवण्याचे बटण सूचनांच्या पडद्यात आले. २०२४ च्या पंधराव्या आवृत्तीने तर फोन सुरू झाल्याची दवंडी ऐकून कॅमेऱ्याच्या, माहितीच्या देवाणघेवाणीच्या वा संगीत वाजवण्याच्या सेवा सुरू करण्यास मज्जाव केला.

ही पावले योग्य दिशेने पडली आहेत. तथापि या नियमावलीत सर्वांत आधी आणि सर्वांत मोठ्याने ऐकू येणारी चिंता बॅटरीची आणि स्मृतीची आहे. फोन तापू नये, रेंगाळू नये, दिवसभर टिकावा, ही चिंता रास्त आहे. पण नोकराने दिवे कमी जाळावेत, असा नियम करणे निराळे आणि नोकर ठेवावा की नाही हे घरधन्याला विचारणे निराळे. पहिली गोष्ट उत्साहाने झाली, दुसरी राहून गेली. शिवाय नवे नियम नव्या आवृत्तीबरोबर येतात. आणि स्वस्त फोन घेऊन तो चार-पाच वर्षे पुरवून वापरणाऱ्या माणसापर्यंत नव्या आवृत्त्या अनेकदा पोहोचतच नाहीत. ज्याच्या फोनची स्मृती तुटपुंजी, त्यालाच या उठाठेवीचा भार अधिक आणि संरक्षण कमी.

फोनच्या उत्पादकांनी या पोकळीत आपापले कायदे केले आहेत. काही चिनी बनावटीच्या फोनांत 'ऑटोस्टार्ट' नावाची स्वतंत्र यादी असते. यादी आहे ही स्वागतार्ह गोष्ट. पण तिच्यात कोणाला आरंभीच मुभा द्यायची आणि कोणाला अडवायचे, हे उत्पादक ठरवतो. परिणामी बड्या कंपनीचे ॲप खुशाल उठते आणि एखाद्या होतकरू तरुणाने लिहिलेले औषधांची आठवण देणारे ॲप दाराबाहेर राहते. रुग्णाला वाटते, ॲपच वाईट. ॲप लिहिणाऱ्याला वाटते, फोनच वाईट. दोघांनाही निर्णय कोणी घेतला हे कळत नाही. एकीकडे न विचारता उठवणे आणि दुसरीकडे न विचारता निजवणे, ही एकाच रोगाची दोन लक्षणे आहेत. दोन्हींत मालकाचा आवाज नाही.

कारखान्यातून आलेले पाहुणे

याहून बिकट प्रश्न आहे तो फोनबरोबरच येणाऱ्या ॲप्सचा. मालकाने एकदा उघडल्याखेरीज ॲपने उठू नये, हा २०११ चा नियम कारखान्यातच यंत्रणेचा भाग म्हणून बसवलेल्या ॲप्सना वर्षानुवर्षे लागू नव्हता. त्यांपैकी काही तर काढूनही टाकता येत नाहीत. भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तेव्हा आधीच बसवलेल्या ॲप्सचा आग्रह हा त्यातील एक प्रमुख मुद्दा होता. मार्च २०२३ मध्ये कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला; परंतु अशी ॲप्स काढून टाकण्याची मोकळीक वापरणाऱ्याला द्यावी, या निर्देशासह चार निर्देश रद्द केले. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. तेथे निकाल काहीही लागो. स्पर्धेच्या कायद्याने पाहिले, तर हा कंपन्या-कंपन्यांतील तंटा ठरतो. ज्याच्या खिशात फोन आहे, तो या तंट्यात पक्षकार नसतो.

सरकारही या मोहापासून दूर राहिलेले नाही. करोनाच्या साथीत २ एप्रिल २०२० रोजी 'आरोग्य सेतू' आले. पाठीमागे अखंड चालणे आणि ब्लूटूथ सतत चालू असणे, यांवरच त्याची सारी उपयुक्तता अवलंबून होती. १ मे २०२० च्या आदेशाने ते सरकारी व खासगी कर्मचाऱ्यांना सक्तीचे झाले; त्याच महिन्यात ती सक्ती सैल करावी लागली. पुढे २८ नोव्हेंबर २०२५ रोजी दूरसंचार विभागाने फोन उत्पादकांना 'संचार साथी' हे ॲप ९० दिवसांत प्रत्येक नव्या फोनमध्ये बसवण्याचा आणि त्याची कार्ये निष्क्रिय होणार नाहीत याची दक्षता घेण्याचा आदेश दिला. देशभर टीका झाली आणि ३ डिसेंबर रोजी ही सक्ती मागे घेण्यात आली. चोरीचे फोन शोधावेत, फसवे दूरध्वनी रोखावेत, हे त्या ॲपचे हेतू स्तुत्य होते. पण हेतू स्तुत्य असला, म्हणजे कुलपाची दुसरी किल्ली सरकारजवळ असावी, असे ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला, तो अशा स्तुत्य हेतूंनाही मर्यादा असावी म्हणूनच.

प्रश्न नको, यादी हवी

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. सामान्य माणसाला या तपशिलात रस नसतो. त्याला दर वेळी प्रश्न विचारला, तर तो न वाचता 'होय' म्हणून मोकळा होईल, आणि संमतीचा नुसता देखावा उरेल. हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच येथे आणखी एक प्रश्न नको आहे. हवी आहे ती यादी. शाळेत वा कचेरीत हजेरीपट असतो. मुख्याध्यापक दररोज दाराशी उभे राहून प्रत्येकाला 'आत येऊ का' असे विचारायला लावत नाहीत. पण कोण आले, केव्हा आले, हे हवे तेव्हा पाहता येते आणि ज्याचे नाव पटावर नाही त्याने आत बसू नये, हेही ठरलेले असते. फोनलाही असा हजेरीपट असावा. सेटिंग्जमध्ये सहज सापडणारे, मराठीत लिहिलेले एकच पान. फोन आज सुरू झाला तेव्हा कोणकोण उठले, त्यांनी काय केले, किती वेळ जागे राहिले, आणि प्रत्येक नावापुढे बंद करण्याची कळ. कारखान्यातून आलेली नावेही याच पटावर असावीत आणि फोन चालण्यास जी खरोखर अत्यावश्यक आहेत, ती वगळता बाकीच्यांची कळ आरंभी बंद असावी.

दुसरी सुधारणा यंत्रणेच्या आतली आहे. केवळ गजर पुन्हा नोंदवण्यासाठी ॲपला उठावे लागते, ही गैरसोय यंत्रणेनेच निर्माण केलेली आहे. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीपासून काही नियोजित कामांची नोंद फोन बंद होऊन सुरू झाला तरी जपून ठेवण्याची सोय अँड्रॉइडमध्ये आहे. तीच गजरांनाही दिली आणि वही यंत्रणेनेच सांभाळली, तर इन्शुलिनची वेळ चुकणार नाही आणि दवंडी ऐकण्याची खरी गरज असलेल्या ॲप्सची संख्याही घटेल. गरजवंतांची सोय वेगळी झाली, म्हणजे त्यांच्या आडोशाने शिरणारे उघडे पडतात.

तिसरे काम कायद्याचे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संमती ही मुक्त, विशिष्ट, जाणती, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असावी, असे म्हटले आहे. संमतीची विनंती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचता आली पाहिजे, असेही म्हटले आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. पण हा कायदा माहिती गोळा होण्याशी निगडित आहे. माहिती गोळा करणारा मुळात उठतो केव्हा आणि कोणाच्या हुकुमाने, या प्रश्नाला तो थेट हात घालत नाही. चोराने काय नेले याची चौकशी जितकी महत्त्वाची, तितकीच दार कोणी उघडे ठेवले याचीही. फोन सुरू होताच उठण्याचा परवाना हा 'सामान्य' नसून मालकाच्या संमतीचा विषय आहे, एवढे एक वाक्य नियमांत आले, तरी फार मोठे अंतर कापले जाईल.

हे होईतो नागरिकाच्या हाती काहीच नाही, असे नाही. न वापरातली ॲप्स काढून टाकावीत. जी काढता येत नाहीत, ती शक्य तेथे निष्क्रिय करावीत. ज्यांच्याविषयी शंका वाटते, ती सक्तीने थांबवावीत आणि ती पुन्हा उघडताच त्यांचा हक्कही परत येतो, हे ध्यानात ठेवावे. शाळा-महाविद्यालयांतून संगणकाचे शिक्षण देताना फोन चालवायला शिकवतात. फोन सुरू होतो तेव्हा त्यात काय घडते, हेही अर्ध्या तासात शिकवता येईल. या उपायांनी नुकसान थोडे कमी होईल, तोड मात्र निघणार नाही. कारण नागरिकाने सावध राहावे, एवढ्यावरच व्यवस्थेची जबाबदारी संपत नाही. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूत आपल्या आज्ञेवाचून कोण राबतो, हे जाणण्याचा आणि त्याला नकार देण्याचा अधिकार ज्याला नाही, त्याला मालक म्हणणे हा शब्दांचा खेळ आहे. तो अधिकार मागण्यासाठी तंत्रज्ञ असण्याची गरज नाही. ग्राहक आणि नागरिक असणे पुरेसे आहे.